खेळ अडखळतो कुठे?

मुलांनो, घरच्या कॉम्प्युटरवर खेळ अडखळायला लागला, की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मूल म्हणतं, "बाबा, आपला कॉम्प्युटर फार जुना झालाय. नवीन घेऊ या ना!" आणि बाबा म्हणतात, "तूच खेळ भरून भरून त्याची वाट लावलीस." मग थोडी रडारड होते, थोडी ओरडाओरड होते आणि कॉम्प्युटर आहे तसाच राहतो. गंमत अशी, की या भांडणात दोघांनीही एक गोष्ट केलेली नसते. कॉम्प्युटर नेमका कुठे अडतोय, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

आज आपण तेच पाहू या. सामान फार नाही: एक वही, एक पेन्सिल आणि सुट्टीच्या दिवशीचा तासभर वेळ. उदाहरणासाठी 'माइनक्राफ्ट' घेऊ. मधल्या सुट्टीत मला सर्वांत जास्त प्रश्न त्याचेच येतात. "बाई, मी पळायला लागलो की सगळं थांबतं!" तुम्ही दुसरा खेळ खेळत असाल, तरी शोधायची रीत हीच.

आधी मोजा

वहीच्या कोपऱ्यावर पानापानावर चेंडूचं चित्र काढून तुम्ही पानं भराभर उलटली असतील. चेंडू उड्या मारताना दिसतो, नाही का? खेळही तसाच चालतो. कॉम्प्युटर एकामागून एक चित्रं काढत असतो. एका चित्राला म्हणतात फ्रेम. एका सेकंदात किती फ्रेम निघाल्या, तो आकडा म्हणजे 'एफपीएस'.

सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. घरातले बहुतेक साधे मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. आता थोडं गणित. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर एक भाग म्हणजे एक मिलिसेकंद. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्रासाठी कॉम्प्युटरला मिळतात १००० ÷ ६०, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. ३० चित्रं चालत असतील, तर ३३.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात काम झालं नाही, की चित्र उशिरा येतं आणि आपण म्हणतो, 'अडखळलं'.

"बाई, सिनेमा २४ चित्रांत छान दिसतो, मग खेळाला ६० कशाला?" चांगला प्रश्न. सिनेमा आपण नुसता पाहतो. खेळ आपण चालवतो. माउस हलवल्यावर पडद्यावर लगेच हालचाल दिसली नाही, तर ते हाताला जाणवतं.

आणखी एक गोष्ट. सरासरीवर सगळा भरवसा टाकू नका. समजा, एका सेकंदात ३० चित्रं निघाली. पण त्यातली २९ पहिल्या अर्ध्या सेकंदात आली आणि शेवटच्या एकाने उरलेला अर्धा सेकंद घेतला. सरासरी ३०, पण डोळ्यांना झटका बसला तो बसलाच. म्हणून मोठा आकडा लिहिताना सर्वांत लहान आकडाही लिहायचा.

हे आकडे दिसतात कुठे? माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत 'एफ ३' हे बटण दाबलं, की वरच्या कोपऱ्यात एफपीएस दिसतो. काही लॅपटॉपवर त्यासोबत 'एफएन' बटणही दाबावं लागतं. इतर खेळांसाठी विंडोज १० आणि ११ मध्ये सोय आहे: विंडोजची खूण असलेलं बटण आणि 'जी' हे एकत्र दाबा, म्हणजे गेम बार उघडतो. त्यात परफॉर्मन्सची छोटी खिडकी असते. एफपीएस दाखवण्यासाठी ती पहिल्यांदा परवानगी मागते. ती आईबाबांना विचारून द्या.

मोजताना शाळेतल्या प्रयोगाचा नियम पाळा. तेच जग, तीच जागा, तोच रस्ता, दोन मिनिटं. असं तीनदा करा आणि तीन आकड्यांमधला मधला आकडा वहीत लिहा. आज डोंगरावर मोजलं आणि उद्या गुहेत मोजलं, तर ती तुलना होत नाही.

पोळ्यांचं स्वयंपाकघर

आता कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं ते पाहू. घरी पाहुणे आलेत आणि पोळ्या चालू आहेत. आई लाटते आहे, ताई भाजते आहे. लाटणारी आई म्हणजे प्रोसेसर. कोण कुठे उभं आहे, कुठली वस्तू कुठे सरकली, याचा हिशेब करून ती पुढचं चित्र तयार करून देते. भाजणारी ताई म्हणजे ग्राफिक्सचा भाग. तो त्या हिशेबावरून पडद्यावरचा ठिपका न् ठिपका रंगवतो. ओटा म्हणजे रॅम. हाताशी लागणाऱ्या वस्तू तिथे असतात. आणि आतली कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. तिथे सगळं साठवलेलं असतं.

पोळ्यांना उशीर होतोय. कारण काय? बघा बरं:

तवा रिकामा तापतोय आणि ताई वाट बघतेय, तर लाटणं कमी पडतंय. अशा वेळी मोठा तवा आणून उपयोग आहे का? मुळीच नाही!

लाटलेल्या पोळ्यांचा ढीग पडलाय आणि तव्यावर जागाच नाही, तर भाजणं कमी पडतंय.

ओटा इतका लहान आहे, की दर दोन पोळ्यांना कोठीत धावावं लागतंय, तर ओटा कमी पडतोय.

कॉम्प्युटरमध्ये ही नजर टाकायची जागा म्हणजे टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा आणि त्यातलं परफॉर्मन्सचं पान उघडा. खेळ चालू असताना तिथले टक्के पाहा.

ग्राफिक्सचा आकडा सतत ९५ ते १०० टक्क्यांवर चिकटला असेल, तर तवा भरलेला आहे. एफपीएस कमी आणि ग्राफिक्सचा आकडाही निम्म्यावर रेंगाळत असेल, तर बहुधा लाटणं कमी पडतंय. रॅम जवळजवळ भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर धडपडत असेल, तर ओटा लहान आहे.

इथे एक फसगत होते, ती लक्षात ठेवा. प्रोसेसरमध्ये काम करणारे हात, म्हणजे 'कोअर', अनेक असतात. चार कोअर असतील आणि खेळाचा मुख्य भार एकाच कोअरवर असेल, तर तो एकटा पूर्ण दमलेला असतो आणि टास्क मॅनेजर दाखवतो जेमतेम २५ टक्के. घरात चार जण आहेत, लाटतंय एकच! म्हणून आलेखावर उजवी टिचकी देऊन प्रत्येक भागाचा वेगळा आलेख पाहा. आणि एफपीएस बरोबर ६० किंवा ३० वरच खिळून राहिला असेल, तर कदाचित खेळातच ती मर्यादा लावलेली असेल. मग टक्के कमी दिसणारच.

टक्के वाचायचा कंटाळा आला, तर एक सोपी परीक्षा आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी करा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६००. ठिपके सव्वादोन पटीने घटले, म्हणजे तव्याचं काम तेवढं हलकं झालं. एफपीएस चांगला वाढला, तर अडचण ग्राफिक्सची होती. जवळपास तेवढाच राहिला, तर ग्राफिक्सला उगाच दोष देऊ नका. अडचण लाटण्याची आहे.

फुकटचे उपाय

अडचण कळली, की आधी फुकटचे उपाय. एका वेळी एकच बदल करायचा, पुन्हा मोजायचं आणि वहीत लिहायचं. पाच बदल एकदम केले, तर कुठल्या औषधाने गुण आला ते कसं कळणार?

१. केबल पाहा. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यांनी कॅबिनेटच्या मागे डोकवा. मॉनिटरची केबल कार्डाच्याच भोकात लावलेली हवी. ती वरच्या बाजूला मदरबोर्डाच्या भोकात असेल, तर महागाचं कार्ड बहुधा नुसतं बसून असतं.

२. लॅपटॉप असेल, तर खेळताना चार्जर लावा आणि वीज वाचवण्याची सेटिंग बदला. बॅटरीवर चालताना बरेच लॅपटॉप मुद्दाम हळू काम करतात.

३. मागे चालणारं बंद करा. ब्राउझरच्या वीस खिडक्या, व्हिडिओ, डाउनलोड. ओट्यावरचे हे डबे उचलले, की जागा होते. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅमही टास्क मॅनेजरमधून थांबवता येतात. कुठला थांबवायचा ते मोठ्यांना विचारा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.

४. खेळाच्या सेटिंगमध्ये योग्य जागी हात घाला. तवा कमी पडत असेल, तर रिझोल्यूशन, सावल्या आणि कडा गुळगुळीत करण्याची सेटिंग कमी करा. सावल्या फार काम वाढवतात. लाटणं कमी पडत असेल, तर किती दूरपर्यंत दिसावं, किती प्राणी-माणसं हलावीत, हे कमी करा.

माइनक्राफ्टमध्ये यासाठी दोन सेटिंग आहेत, रेंडर डिस्टन्स आणि सिम्युलेशन डिस्टन्स. पहिली सांगते किती दूरपर्यंत चित्र काढायचं. दुसरी सांगते किती दूरपर्यंत प्राणी, पिकं, पाणी यांचा हिशेब चालू ठेवायचा. या खेळाचं जग १६ गुणिले १६ च्या तुकड्यांत मोजतात. तुकड्याला 'चंक' म्हणतात. रेंडर डिस्टन्स १२ ठेवलं, तर तुमच्या प्रत्येक बाजूला १२ चंक आणि तुम्ही उभे आहात तो १. हिशेबाच्या सोयीसाठी चौकोन धरू: २५ गुणिले २५ म्हणजे ६२५ चंक. आता ८ ठेवा: १७ गुणिले १७ म्हणजे २८९ चंक. अंतर घटलं एक तृतीयांशाने, पण काम निम्म्याहून खाली आलं!

हे चंक उंचही असतात. २०२१ मध्ये आलेल्या १.१८ आवृत्तीपासून जगाची उंची ३८४ ठोकळ्यांची आहे. म्हणजे एका चंकात ९८,३०४ ठोकळ्यांच्या जागा. ६२५ चंकांत किती? सहा कोटी चौदा लाख चाळीस हजार. बिचारा प्रोसेसर! २८९ चंकांत किती, ते तुम्ही काढा.

५. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स यांच्यातला दुभाषा, जुना असेल तर नवा घ्या. पण तो एनव्हिडिया, एएमडी, इंटेल किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच.

कॉम्प्युटरलाही ऊन लागतं

खेळ पहिली दहा मिनिटं छान चालतो आणि मग मंदावतो, असं होतं का? मग उष्णतेचा संशय घ्या. फार तापला, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. पहिल्या मिनिटापासूनच मंद असेल, तर कारण बहुधा दुसरं.

पंखा प्रोसेसर थंड करतो तो खोलीतल्याच हवेने. विदर्भात मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा खोलीतली हवाच गरम. पंख्याने करायचं तरी काय? म्हणून उन्हाळ्यात खेळ सकाळी किंवा रात्री बरा चालतो. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं असेल, तर बाहेर काढा. मागे वीतभर मोकळी जागा ठेवा. आजीने प्रेमाने शिवलेलं कव्हर कॉम्प्युटर चालू असताना काढून ठेवा. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नका. त्याची खालची भोकं बुजतात.

धूळ साफ करायची ती मोठ्या माणसासोबतच. कॉम्प्युटर बंद करा, प्लग भिंतीतून काढा, थोडा वेळ थांबा. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. पंखा झाडताना पाती बोटाने धरून ठेवा, म्हणजे तो गरगर फिरणार नाही. ओलं फडकं आत न्यायचं नाही आणि वीज पुरवणारा जो एसएमपीएसचा डबा असतो, तो कधीही उघडायचा नाही.

अडखळणं वेगळं, ताटकळणं वेगळं

मित्रांबरोबर इंटरनेटवर खेळताना तुमचा एफपीएस ६० आहे, पण मित्र इथून तिथे उड्या मारताना दिसतोय, दार उघडायला उशीर लागतोय. मुलं यालाही 'लॅग' म्हणतात, पण हा दोष कॉम्प्युटरचा नव्हे, इंटरनेटचा. तुमचा निरोप दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याला 'पिंग' म्हणतात. परीक्षा सोपी आहे: तोच खेळ एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळून पाहा. तेव्हा नीट चालला, तर कॉम्प्युटर निर्दोष. वायफायऐवजी केबल लावून किंवा राउटरजवळ बसून पाहा.

विकत घ्यायची वेळ आली तर

एवढं करूनही भागलं नाही, तर वही घेऊन आईबाबांजवळ बसा. आता खर्चाचा विचार करायला हरकत नाही. पण कशासाठी काय, ते नीट समजून घ्या.

वेगळं कार्ड नसेल, तर ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्या चिपमध्येच असतो. त्याला स्वतःची स्मृती नसते. तो रॅममधलीच जागा वापरतो. अशा कॉम्प्युटरमध्ये रॅमची एकच पट्टी असेल आणि तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली, तर रॅमकडे जायला एकाऐवजी दोन रस्ते होतात. ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो. मात्र डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, हे विसरू नका.

जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घेतली, तर कॉम्प्युटर लवकर सुरू होतो, खेळ लवकर उघडतो, नवा प्रदेश येताना बसणारे काही झटके कमी होतात. पण एफपीएस तिने फारसा वाढत नाही. कोठी जवळ आली, तरी लाटणारे हात तेच!

ग्राफिक्स कार्ड हा सर्वांत शेवटचा आणि बहुधा सर्वांत महाग उपाय. वहीत अडचण 'तव्याची' निघाली असेल, तरच त्याचा विचार. आणि कॉम्प्युटरवाल्या काकांना दोन प्रश्न विचाराच: "हे आमच्या एसएमपीएसवर चालेल का? आमच्या कॅबिनेटमध्ये मावेल का?"

एक उपाय मात्र कधीच नको. 'एका टिचकीत वेग दुप्पट', 'फुकट रॅम' असं सांगणारे प्रोग्रॅम. रॅम ही वस्तू आहे. ती डाउनलोड होत नाही. असल्या प्रोग्रॅममधून आणि चोरीच्या खेळांमधून व्हायरस घरात येतो. मग खेळ राहतो बाजूला, आईबाबांचे पासवर्ड धोक्यात येतात.

कमी काम, जास्त गंमत

१९९० मध्ये 'कमांडर कीन' नावाचा खेळ आला. त्याचा नायक आठ वर्षांचा मुलगा! त्या वेळच्या घरगुती कॉम्प्युटरांना सगळा पडदा भराभर पुन्हा रंगवणं झेपत नसे. त्यामुळे नायक पळू लागला, की मागचं दृश्य सरकवणं फार अवघड. जॉन कारमॅक या तरुण प्रोग्रॅमरने युक्ती काढली: पडद्याचा जो तुकडा बदललाच नाही, तो पुन्हा काढायचाच नाही. कॉम्प्युटर तोच, पण खेळ सुरेख पळू लागला. सेटिंग कमी करताना तुम्ही करता ते याच जातीचं काम आहे. त्यात कमीपणा काही नाही.

गृहपाठ

वहीत पाच रकाने आखा: तारीख, काय बदललं, मधला एफपीएस, सर्वांत कमी एफपीएस, ग्राफिक्सचे टक्के. पहिल्या ओळीत काहीही न बदलता घेतलेला आकडा. मग रोज एक बदल, एक ओळ. आठवड्याने कोणत्या ओळीत सर्वांत मोठी उडी दिसते, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.

पालकांसाठी दोन शब्द

मूल ही वही घेऊन आलं, तर दहा मिनिटं काढून ती वाचा. "कॉम्प्युटर जुना झालाय" हा हट्ट असू शकतो. "सावल्या बंद केल्यावर एवढा फरक पडला, रॅम मात्र रोज भरलेली दिसते" ही नोंद आहे. नोंदीला नोंदीनेच उत्तर द्यावं. खर्च परवडत नसेल, तर तसं मोकळेपणाने सांगा. आकडे मांडून बोलायला शिकलेल्या मुलाला घरखर्चाचे आकडेही समजतात. किती वेळ खेळायचं, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवा. कॉम्प्युटर मंद आहे म्हणून खेळ आपोआप कमी होईल, ही आशा काही खरी नव्हे. तो अडकत अडकत चालतो, तेव्हा मूल उलट जास्त वेळ त्याच्यासमोर बसून राहतं.